खांद्यावरची बोटे

मंगळवार, ४ मार्च

चि. बारकीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. पावलांची सूज उतरली असेल, अशी आशा आहे. पाळण्याचा फोटो मिळाला. रंग भडक आहे हे फोनवर सांगून झालेच आहे. आता लावलाच आहेस, तर असो. तू जे विचारले आहेस त्याकडे येतेच. आधी संग्रहालयातली हकिगत.

गेला महिनाभर माझ्या टेबलावर साफसफाईसाठी आलेली वीतभर उंचीची एक दगडी बाई आहे. उकिडवी बसलेली, मांड्या फाकलेल्या, आणि मधून बाळाचे डोके नुकतेच बाहेर आलेले. तिला पुजणाऱ्या लोकांचे नावही आज उरलेले नाही. योनीच्या कडेने भरलेला तांबडा रंग मात्र उरला आहे. ज्या दारातून सारे जग आले, त्या दाराला त्यांनी रंग दिला. त्यात लाजही नव्हती आणि चेष्टाही नव्हती.

काल संचालक घसा खाकरत आले. “मॅडम, शाळेची मुलं येतात. खालचा भाग जरा... झाकता येईल?”

“समोरच्या चौकात साबण विकायला उघडी बाई टांगली आहे. ती आधी झाका.”

“अहो, ती जाहिरात आहे!”

“आणि ही तुमची जन्मकथा आहे.”

बिचारे कानापर्यंत लाल झाले. “तुमच्याशी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षाच,” असे पुटपुटत गेले. नापासच झाले म्हणा.

खरी गोष्ट आज सकाळची. तिची पाठ कोणी तरी फार पूर्वी चुन्याने लिंपून टाकली होती. खांद्यांवर दिसणाऱ्या रेघांना सगळे जाणकार दागिना म्हणत आले. माझ्या प्रबंधातही तेच छापले आहे. आज चुन्याचा शेवटचा पापुद्रा निघाला, आणि तो दागिना म्हणजे बोटे निघाली. तिच्या मागे, त्याच दगडात, दुसरी एक बाई गुडघ्यांवर बसली आहे. तिने हिला दोन्ही हातांनी धरले आहे, कपाळ हिच्या पाठीला टेकले आहे.

ती बोटे झिजून गुळगुळीत झाली आहेत, अगदी योनीइतकीच. बाळंत होणाऱ्या बाया पुढे हात लावून गेल्या असतील, आणि त्यांना धरायला जाणाऱ्या इथे.

मी हातमोजा काढला. माझ्या हाताखालच्या कोणा मुलीने असे केले असते, तर तिला त्याच दिवशी घरी पाठवले असते. त्या बोटांवर मी माझी बोटे ठेवली. किती तरी वेळ मला ती उचलवली नाहीत.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, बंद दाराबाहेरच्या बाकावर. आधी तुझे रडणे ऐकू आले. आत तिला कोणी धरले होते का, हे मी आजवर कोणालाही विचारलेले नाही. म्हणूनच तू “ताई, त्या वेळी आत माझ्याजवळ थांबशील?” म्हणालीस तेव्हा मी विषय टाळून पाळण्याच्या रंगावर घसरले.

शनिवारी निघते आहे. तिथल्या नर्सला आताच सांगून ठेव, की मी बाहेर बसणार नाही. नखे कापली आहेत.

तुझ्या पाठीमागे बसणारी,
ताई