एक दिवस ही, एक दिवस ती

ता. ९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शिवणकारखान्याच्या मशिनींनी तुझे कान खाल्ले, फोनवर मी बोंबललो तरी तुला कळत नाही, म्हणून हे लिहिणं आलं. शाळेत एवढं लिहिलं असतं तर मास्तरांनी मला वर ढकललं तरी असतं.

तर तुला साखर निघाली. थायरॉइड होतंच, आता ही त्याच्या जोडीला. ताई म्हणते टाइप टू आहे, गोळीवर भागेल. भागत असेल तर बरंच.

रंगाचं काम सोडलं. रागावू नको. आता एका मोठ्या इमारतीच्या तळघरात पंपांच्या खोलीत आहे. खिडकी नाही, पण टाक्या बघायला दिवसभर वरखाली हिंडावं लागतं, म्हणून पाय शांत आहेत. इथे दोन पंप आहेत, जुळे भाऊच. फोरमन दोन्ही एकदम चालवू देत नाही. आज हा, उद्या तो. त्यामुळे कुणीच झिजत नाही.

यावरून सुचलं. तू लिहितेस की नव्या गोळीने मळमळतं, आणि सकाळी थायरॉइडची गोळी घेऊन चहाला तासभर थांबायचं, मग जेवताना साखरेची, म्हणजे सगळा दिवस गोळ्यांच्या तंत्राने. मग दोन्ही एका दिवशी घेऊच नको. पंपांसारखं कर. एक दिवस ही, एक दिवस ती. पोटाला आराम पडेल. करून बघ नि कळव.

लोभ मात्र रोजच्या रोज असू दे.

तुझा
भिंगरी

*

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं सुरू केलं आणि मळमळ थांबली. डॉक्टरांना जे सुचलं नाही ते माझ्या लेकाला सुचलं, असं मी कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगितलं. ताईला बोलले नाही. ती लगेच दवाखान्याकडे पळेल.

बाकी पथ्य पाळते. बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाण्याला आलेला राग. जेवण झालं की गल्लीत फेऱ्या मारते. दुकानदाराने परवा विचारलं, मावशी, काही हरवलंय का. मी म्हटलं, हो, साखर.

आधी शीतगृह सोडलंस, मग रंग सोडलास. निदान पंपांशी तरी नांद. फोरमनला उलटून बोलू नकोस. अंगावर काय घालतोस ते लिहीत नाहीस, म्हणजे फाटकंच असणार.

काळजी मी करतेच आहे, तू थोडी स्वतःची कर.

तुझी
आई

*

ता. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. खरं तर आज द्यावेसे वाटत नाहीत.

फोन केला असता, पण तू मध्येच विनोद करतोस आणि माझा राग वाया जातो. म्हणून शांतपणे वाच.

आईचा चेहरा सुजलाय. आवाज घोगरा झालाय. ती कॉलर शिवता शिवता मशीनवर पेंगते. गेल्या आठवड्यात सुई बोटातून आरपार गेली. सुपरवायझरने तिला मशीनवरून उठवून दोरे कापायला बसवलं आहे. इतकी वर्षं कॉलर शिवणारी बाई दोरे कापते, आणि म्हणते, बरं आहे, बसल्या बसल्या होतं.

तपासण्या केल्या. साखर उतरलेली नाही आणि इतकी वर्षं ताळ्यावर असलेलं थायरॉइड बिघडलंय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडत नाहीत, अठ्ठावीस तारखेला या, मात्रा वाढवू आणि साखरेची एक जास्त जोराची गोळी जोडू. मी तोवरच्या गोळ्या आणून कपाटात ठेवायला गेले, तर जुन्या निम्म्या तशाच. विचारल्यावर तिने तुझा पंप सांगितला.

अरे, मात्रा वाढल्यावर ही बाई एखाद्या दिवशी शहाणी होऊन सगळं रोज घ्यायला लागली तर? छातीत धडधड होईल, साखर एकदम खाली येऊन कुठे तरी पडेल. हे डॉक्टरांना सांग म्हटलं तर नाही म्हणते. आजवर ज्याने त्याने माझ्या लेकाला मठ्ठ म्हटलं, आता भरल्या दवाखान्यात, गल्लीतल्या बायकांसमोर त्याचं हसं नको, असं तिचं म्हणणं. मी तोंड उघडलं तर दोन्ही गोळ्या बंद करीन अशी धमकी दिली आहे. करेलही.

ती माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. ऐकते ती तुझं. तेव्हा अठ्ठावीसच्या आत लिही.

ताई

*

ता. १९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. मी फोरमनला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, दोन्ही पंप एकच पाणी एकाच टाकीत चढवतात, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी चालतो. तुझ्या आईच्या गोळ्या तशा नाहीत. एक पाण्याचा पंप आहे, दुसरी लिफ्टची मोटर. आलटून पालटून चालवलं तर एक दिवस इमारत तहानलेली आणि एक दिवस म्हातारी माणसं जिन्यात.

तू दोन महिने तशी चालली आहेस. मी सांगितलं म्हणून.

अठ्ठावीसला डॉक्टरांना सगळं सांग. कसं घेतलंस, कधीपासून, कुणाच्या सांगण्यावरून. माझं नाव घे. हसले तर हसू दे. मास्तर हसले, मामा हसला, दोन मुकादम हसले, माझं काय झिजलं? पण तू दोरे कापायला बसलीस हे मला चालणार नाही.

सांगणार नसशील तर मी काम सोडून येतो आणि स्वतः दवाखान्यात उभा राहतो. काम सोडायला मला कारण लागत नाही हे तुला ठाऊक आहे. या वेळी कारणही आहे.

रागाव, पण सांग.

तुझा
भिंगरी

*

ता. २ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. काम सोडू नकोस.

डॉक्टर हसले नाहीत. मात्रा वाढवायला घेतलेलं पेन खाली ठेवलं आणि मला चांगलं फैलावर घेतलं. मग म्हणाले, बोललात हे बरं केलंत, नाहीतर मी आंधळेपणाने वाढवत बसलो असतो. नवीन काही दिलं नाही. पूर्वीचंच, पण रोज, दोन्ही. थायरॉइडची उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, साखरेची जेवता जेवता. मळमळलं तर मनाने सोडायची नाही, येऊन सांगायचं, तिचाच सोसवेल असा प्रकार मिळतो म्हणे. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे.

कुणी सांगितलं होतं असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझ्याच डोक्यातून आलं. तुझं नाव माझ्या तोंडातून निघेना. पण तुझी ताई शेजारीच बसली होती, तिने पंपासकट सगळं सांगून टाकलं. दोन बायका हसल्या. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

सुपरवायझर म्हणतो, सूज उतरू दे, मग मशीनचं बघू.

स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतो. कसा थांबवायचा ते लिही. गोळ्यांचं तुझं ऐकणार नाही, पण नळाचं ऐकीन.

दोन वेळा जेव, म्हणजे माझं जेवण अंगी लागेल.

तुझी
आई

*

ता. १० मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी बाहेरचा मोठा कॉक बंद कर. मग नळाची मूठ पान्याने सोडव. आत रबराची चकती असेल, ती झिजली असणार. तेवढ्याच मापाची नवी बसव.

पण थांब. हे करण्याआधी गल्लीतल्या नळवाल्याला बोलाव आणि नळ दाखव. मी तो पाहिलेला नाही. तो माझ्यापेक्षा वेगळं म्हणाला तर त्याचं ऐक. तोवर खाली बादली ठेव.

आहे तो लोभ पुरे आहे, तेवढाच राहू दे.

तुझा
भिंगरी