माझ्या पोटातले निरुपद्रवी जंतू

४ एप्रिल १९७४
नागपूर! इस्पितळाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून आज मोठ्या थाटात रुजू झालो. पुण्याहून निघताना सगळ्यांनी इथल्या उन्हाची भीती घातली होती. पण भ्यायचंच तर इथल्या पाण्याला आणि माणसांच्या नखांना भ्यावं. जरीपटका वस्तीच्या बाजूला सिंधूताईंच्या घरात वरची खोली मिळाली. खाली त्या आणि त्यांची मुलगी गोपिका. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात घासूनपुसून ठेवलेला माठ. त्या माठातलं पाणी मी पीत नाही. प्रश्न स्वच्छतेचा आहे, बाकी काही नाही. शिवाय रोज सकाळी क्लोरॅम्फेनिकॉलची एक कॅप्सूल घेतोच. या गावचा विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, मला शिवणार नाही.

११ एप्रिल
प्रयोगशाळेतला मदतनीस रुपराव म्हणजे एक नमुना आहे. "सायेब, बिमार नाही तं गोया काहून खाऊन राह्यले?" म्हणे. असल्यांना प्रतिबंध ही काय चीज असते ते कोण समजावणार! विषमज्वराचे जंतू हाताळायचे म्हटलं की हा दाराशी जाऊन उभा राहतो. मी काचेची नळी ओठांत धरून जंतूंचं द्रावण सरळ ओढतो, आम्ही सगळे असंच शिकलो. आज एक थेंब जिभेवर आला. चूळ भरली, संपलं.

२१ एप्रिल
सिंधूताईंचं पन्हं म्हणजे नुसत्या गाठी. शेवटी मीच त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो आणि पन्हं कसं करतात ते दाखवलं. उकडलेल्या कैरीचा गर हातानेच कुस्करावा लागतो, चमच्याचं ते काम नव्हे. गोपिकाने यंदाच मॅट्रिकची परीक्षा दिली आहे. दोन पेले प्यायली आणि डॉक्टरसाहेबांच्या हाताले चव आहे म्हणाली. खुशामत मात्र या लोकांना शिकवावी लागत नाही.

६ मे
गोपिकाला ताप, चढतोच आहे. रक्तात विषमज्वराचे जंतू निघाले. सिंधूताईंना माठावरून चांगलंच फैलावर घेतलं. मान खाली घालून सगळं ऐकलं आणि अंगणात नेऊन माठ फोडला बाईंनी. उशिराने सुचलेली अक्कल! मुलीला इस्पितळात घालून क्लोरॅम्फेनिकॉल सुरू केलंय. आठवडाभरात उड्या मारेल.

१२ मे
ताप तसाच. तिचे जंतू बशीत वाढवून वर औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. चकतीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं. दिसलं नाही. जंतू चकतीला खेटून वाढलेत. एका नव्हे, चारही औषधांच्या. देण्यासारखं दुसरं काही आमच्याकडे नाही.

१३ मे
औषधाने न मरण्याचा हा गुण उसना मिळतो. आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंकडे असतो — प्लास्मिड, डीएनएचं एक सुटं कडं. अंगाला अंग लागलं की शेजारच्या जंतूला त्याची प्रत. रोज औषध पचवणाऱ्या पोटात असलेच जंतू उरतात. कुणा मूर्खाने रोज —
माझी विष्ठा तपासायला घेतली.

१६ मे
माझे निरुपद्रवी जंतू. तीच चार औषधं, एकानेही मरत नाहीत. आमच्या नळीतला साधा विषमज्वर त्यांच्यासोबत ठेवून पाहिला. तोही मरेना.
आणि माझ्या पोटात विषमज्वरही आहे — तिचाच. ताप नाही, डोकेदुखी नाही, मी नुसता वाहक. तो थेंब. मग हे हात. कैरीचा गर —

१८ मे
गोपिका सकाळी गेली. सिंधूताई माठाला शिव्या देतायत. स्वतःला देतायत.
सांगितलं नाही. भ्यालो.

२१ मे
हात धुतले. परत धुतले. कुणाला शिवत नाही, जेवत नाही —
सिंधूताई पेज घेऊन वर आल्या. माह्याच माठानं पोरगी खाल्ली, म्हणाल्या. तुम्ही तरी जेवा. मी भिंतीला सरकलो. तरी पुढे होऊन त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप आहे का पाहायला.
माझं कपाळ गार होतं. त्यांचा हात भाजत होता.
आत्ता सांगतो. जिन्यातच आहेत. सिंधूताई, माठात काही नव्हतं, ते माझ्या —