बाबांच्या चेहऱ्याचा रंग

रविवार, १५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि आपल्या चिमुरडीला खूप आशीर्वाद.

बाळाचे नवे फोटो मिळाले. नाक थेट आईचं आहे यावर बाबांचं आणि माझं एकमत झालं. आमचं एकमत होणं हीच मोठी बातमी समज. स्वयंपाकघरातला गळका नळ एकदाचा बदलून घेतला. चॅनेलमध्ये माझं काम नेहमीसारखंच चालू आहे. एक नवी निवेदिका आली आहे, तिच्या डोळ्यांखाली इतकं काळं असतं की आधी नारिंगी लावून ते मारावं लागतं, मगच वरचा रंग बसतो. ती रोज विचारते, झोपले नाही हे कळतंय का. मी रोज नाही म्हणते.

ताईला एकदम पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. तुझा चष्मेवाला मित्र परवा तिकडे यायला निघतोय, त्याच्या हाती हे देते आहे. मेसेज केला असता, पण माझा फोन दिवसभर बाबांकडे असतो. बाळाचे फोटो पुढे-मागे करत बसतात. आणि पुढे जे लिहिते आहे त्याबद्दल फोनवर तुझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलंय. पत्राचं त्यांना सुचलं नाही. मी त्या फटीतून बाहेर पडते आहे.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू त्यांना म्हणालास, "बाबा, तुम्ही तर पूर्वीपेक्षा टवटवीत दिसताय." आणि मग मला म्हणालास, की यांची तब्येत अशी ठणठणीत असेल तर आत्ता घाई कशाला, बाळ जरा मोठं झालं की पुढच्या वर्षी सगळेच येतो. मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"नंतर मला धड जेवण गेलेलं नाही.

धाकट्या, तो टवटवीतपणा माझा आहे. माझ्या डब्यातला.

तुझ्या बायकोला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत झोपून राहायला सांगितलं, त्याच सुमारास बाबांचे डोळे पिवळे दिसायला लागले. आधी साधी कावीळ वाटली. मग तपासण्या झाल्या. स्वादुपिंडापाशी गाठ आहे, ती पित्ताची वाट अडवते. आत नळी घालून पाहिली. रंग थोडा उतरला आणि पुन्हा चढला. ऑपरेशन करण्यासारखं काही राहिलेलं नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. बाबांनी फक्त विचारलं, घरी राहता येईल ना.

घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, त्याला आत्ता दोन्हीकडून ओढायचं नाही. तिकडे पोरगी अंथरुणाला खिळली आहे, तिच्यापाशी तो हवा. मी म्हटलं, बाबा, तो तुम्हाला दर रविवारी बघतो, आंधळा आहे का तो? त्यावर त्यांनी चपला पायानेच कोपऱ्यात सरकवल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या त्या डब्यात पिवळ्यावर काही आहे का?"

तुला आठवतंय ना, माझ्या कामाला ते काय म्हणायचे? तोंडं रंगवायची नोकरी. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, उन्हातान्हात रापलेला, चेहऱ्याला कधी पावडरसुद्धा लावू दिली नाही. तुझ्या लग्नात फोटोसाठी घाम टिपायला गेले तर माझा हात झटकला होता. तेच बाबा खिडकीपाशी स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

पिवळ्यावर जांभळट लागतो. फिका, लव्हेंडरच्या फुलासारखा. लालसर डागांवर हिरवा, काळ्या-निळ्यावर नारिंगी आणि पिवळ्यावर हा. अगदी पातळ थर द्यायचा, बोटाने थोपटत, घासायचं नाही. या आजारात कातडीला सारखी खाज असते, म्हणून मी आधी साधं मलम लावून घ्यायचे. त्यांच्या गालाला मी लहानपणानंतर कधी हात लावला होता, मला आठवेना. गालाचं हाड लगेच हाताला लागलं.

पहिल्या दिवशी मी सगळा चेहरा एकसारखा करून ठेवला, चॅनेलवर करते तसा. बाबांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, हा कोण, बातम्या वाचणारा? खरंच होतं. त्यांच्या कपाळावर हेल्मेटखाली राहून उजळ पडलेला पट्टा आहे ना, तो मी बुजवून टाकला होता. तो पुन्हा काढला. नाकाचा शेंडा जरा काळा केला. तेव्हा कुठे ते आपले बाबा दिसायला लागले. डोळ्यांना मात्र माझ्याकडे काही नव्हतं. त्यावर तोडगा त्यांनीच काढला. उन्हात काळा होणारा त्यांचा चष्मा घालून ते गॅलरीत बसायला लागले. तू त्यांना हिरो म्हणालास. खूप हसले ते तेव्हा.

मीही हसले. खोटं कशाला सांगू, काम चोख झाल्याचा मला आनंदसुद्धा होत होता. दर रविवारी रंग थोडा जास्त लागायचा, दर रविवारी मी त्याला पुरून उरायचे.

बाळ सुखरूप झालं, तेव्हा वाटलं, आता सांगतील. त्यांनी विषय काढला नाही. मी काढला, तर म्हणाले, बाळंतीण आहे, जरा दम धर. आणि मग तू ते पुढच्या वर्षाचं बोललास.

फोन ठेवल्यावर मी नेहमीप्रमाणे कापूस ओला करून त्यांच्यापुढे बसले. त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे जरा," म्हणाले. "त्याने पाहिलेला माणूस अजून थोडा वेळ इथे राहू दे."

ऊन उतरेपर्यंत तसेच गॅलरीत बसून होते. चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या आणि डोळे दिसायला लागले, तेव्हा स्वतःच उठून तोंड धुऊन आले.

आज सकाळी मी डबा उघडला नाही. सांगितलं, आज मी लावणार नाही, त्याला बघू दे. ते चिडले. माझ्या हाताखाली किती माणसं काम करायची, मला कोणी नाही म्हटलेलं नाही, वगैरे. मग डबा स्वतःच ओढून घेतला. चष्माही लावला नाही. जांभळा समजून त्यांनी हिरवा उचलला आणि दोन्ही गालांवर फासला. पिवळ्यावर हिरवा काय दिसतो, मी तुला सांगू शकत नाही. त्यांनी आरसा हातात घेतला. मला हसू आवरेना, त्यांनाही आवरेना. हसता हसता त्यांचा चेहरा कधी मोडला ते कळलंच नाही. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आई गेली तेव्हाही आपल्यासमोर रडले नव्हते.

मी त्यांचं तोंड पुसून दिलं. तेवढ्यात तुझा फोन आला. नेट चालत नाही म्हणून आज नुसतं आवाजावर बोलू, असं मी तुला म्हणाले, ते खोटं होतं.

तुझ्याशी बोलून झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. झोपले असं समजून मी दार ओढायला गेले, तर तसेच पाठमोरे म्हणाले, "तू त्याला बोलवू नकोस." मी उभी राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण आलाच, तर मी परत जा म्हणणार नाही."

मी वर म्हटलं ना, ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नाही, ते मी तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं लिहायला हात धजत नव्हता. परवा मी एकटी डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, आता महिन्यांचा हिशोब धरू नका, आठवड्यांचा धरा.

तुझ्या बायकोला आणि बाळाला एवढ्या प्रवासाला आणू नकोस, त्या दोघी तिकडेच बऱ्या. तू ये. इकडे यायचं कळवू नकोस, नाहीतर ते मला डबा उघडायला लावतील आणि या वेळी माझ्याने नाही म्हणवणार नाही. आणि एक सांगून ठेवते. दारातून आत आलास की दचकू नकोस. ते तुझ्या चेहऱ्याकडेच बघत असतील. खूप बारीक झालेत, आणि रंग तुला वाटतोय त्याहून जास्त पिवळा आहे. आधी त्यांचा हात हातात घे. हाताला मी कधीच काही लावलं नव्हतं.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस.

तुझी वाट बघणारी,
ताई