नळीबद्दल सोमवारी सांगायचं आहे

माय, तुझ्या जावयाच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवायची की नाही, हे सोमवारी अमरावतीच्या डॉक्टरांना सांगायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असं काही आलं की आधी तूच आठवतेस.

त्यांचा हा आजार तू पाहिला नाहीस. नसा हळूहळू मरत जातात. आधी हात गेले. बडनेऱ्याला रुळांवर घण मारलेला माणूस, त्याला शर्टाचं बटण लागेना. मग पाय, मग जीभ, आणि आता श्वास. रात्री मास्कचं मशीन लावतो, पण ते पुरेनासं झालंय. नळी बसवली तर मशीन दिवसरात्र चालणार, आजार काही थांबणार नाही. घडीघडी कफ ओढून काढायचा, लाइट गेली की धावायचं, त्यांना सोडून देवळातही जायचं नाही. नाही बसवली तर धाप लागेल तेव्हा त्रास कमी करायची औषधं देऊ, असं डॉक्टर म्हणाले. ऐनवेळी विचारायला सवड मिळत नाही, आत्ताच त्यांना विचारून ठेवा, हेही म्हणाले.

आणि मी त्यांना सोडून देवीला विचारलं. अकोटला चुलीपुढे बसून तू माझ्या दोन स्थळांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्यास. पुन्हा एकदा टाक, मी म्हणाले, तर तुझ्या हातातला भाकरी उलथायचा सराटा माझ्या हातावर बसला. "देवाले एकदाच इचारावं पोरी. पुन्हा इचारलं तं तो बोलत नाही आपल्याशी." म्हणून मीही 'लाव' आणि 'नको' अशा चिठ्ठ्या एकदाच टाकल्या. 'नको' निघाली. निरांजन लावलं आणि जरा टेकले.

पलंगावरून ते सगळं पाहत होते. शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, "श्वास माहा हाये. देवाले कायले इचारतं? मले इचार." मग दम घेऊन, "देवी येते काय कफ ओढाले?"

मला हसू आलं आणि हसता हसता पदर डोळ्यांना लागला. "मंग तुमीच सांगा. लावाची का नळी?"

"लाव," ते म्हणाले. "मले राह्याचं हाये. तू भाजीवाल्याशी भांडतं, ते ऐकू येते सकाळी. तेवढं बस हाये."

तेवढ्यात मुलगा आला, अकोल्याहून. तो शनिवारी येतो. बाबांचे हाल कशाला वाढवायचे, असं त्याचं म्हणणं. त्यांची जड जीभ त्याला आता कळत नाही, सगळं माझ्याकडूनच समजून घेतो. चप्पल काढता काढता त्यानं विचारलं, "आई, काय म्हणून राहिले बाबा?"

माझी साठी उलटली, माय. कमरेतून वाकता येत नाही. पैशाचं मी कसंही बसवीन, आयुष्यभर बसवतच आले. पण अंगातल्या ताकदीचं काही बसवता येत नाही.

"समजलं नाही रे," मी म्हणाले.

ते ऐकत होते. मान तर आता वळत नाही त्यांची. डोळे तेवढे मिटून घेतले. मी कणीक मळायला उठले.

उद्या मुलाला खरं काय ते सांगणार आहे आणि सोमवारी डॉक्टरांनाही. देवीला काय सांगायचं ते माझं मी बघीन. पण त्या घडीला मला त्यांच्या जगण्याची भीती वाटली, माय. तू असतीस तर तुलाही हे बोलले नसते.