फोड न आलेली देवी

आत्या, तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. गावात कुणाला ताप भरला की तुला बोलावणं यायचं. तू कपाळ, तळहात, तळपाय न्याहाळायचीस, आणि फोड दिसल्याशिवाय देवीचं नाव तोंडातून काढायची नाहीस. एकदा नाव घेतलं की देवी उतरेपर्यंत त्या घरात फोडणी बंद, पाहुणे बंद, नाहीतर देवी कोपते. म्हणून तुझ्या शब्दाला मान होता.

त्या चैत्रात वहिनी अनसिंगहून, माहेराहून आली ती तापातच. "आत्याबाई, कंबर मोडून राह्यली माही," म्हणत आडवी झाली. दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त, मग हिरड्यांतून. डोळे लालभडक, काखेत जांभळे डाग. फोड मात्र एकही नाही. मी म्हटलं, "आत्या, हे येगळंच दिसते." तू माझ्यावरच डाफरलीस, "ऊन लागलं तिले. कांदा फोडून नाकाशी धर, अन् बडबडू नको." तू तिच्यासाठी लसणाची फोडणी देऊन वरण केलंस. शेजारणी उशाशी बसून गेल्या. पाचव्या दिवशी वहिनी गेली. त्या घरात मला हसवणारी ती एकटीच होती, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं.

दोन आठवड्यांनी शेजारणीच्या अंगावर फोड उठले तेव्हा तुला कळलं. चुलीपुढे बसून तू कपाळ बडवून घेतलंस. "तिच्या अंगात देवी होती, अन् मी फोडणी देल्ली!" त्यानंतर तू कुणाचाही ताप पाहायला गेली नाहीस, आणि स्वतःच्या ताटात फोडणीचं कधी वाढून घेतलं नाहीस.

पुढे अकोल्याला नर्सचं शिकताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, देवीचा एक प्रकार असा असतो की फोड यायच्या आधीच अंगातून रक्त जातं. तो ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि ओळखला तरी माणूस हाती लागत नाही. मी वर्गातच रडले. फोडणीचा काही संबंध नव्हता, आत्या. शेजारणीची लागण मात्र टळली असती, कुणी तिला उंबऱ्याबाहेर थांबवलं असतं तर. पण पुढे ती व्रण घेऊन जगलीच की.

त्या दिवाळीला मी घरी आले. तू मला जवळ बसवून विचारलंस, "तू आता दवाखान्यात शिकून राह्यली. सांग ना, माह्या हातानं गेली काय वं ती?"

"मले काय ठाव," म्हणाले आणि उठून पाण्याला गेले. होळीच्या आधी तू गेलीस.

मला ठाऊक होतं. तू आणखी थोडी कुढावीस असं वाटलं, म्हणून सांगितलं नाही.