एकच भाव आणि तुमचं टेबल

आबा, काल तुमच्या शोरूममध्ये जाऊन आले. काशिमिऱ्याच्या पुढचं, हायवेवरचं, जिथे तुम्ही सगळी नोकरी काढलीत. तुमच्यानंतर त्याच्या काचा बदलल्या, पाटी बदलली, शेटजी गेले आणि आता त्यांची मुलगी केबिनमध्ये बसते. मी मात्र तिथे तुमची मुलगी म्हणून गेले नव्हते. तुम्ही विकायचात त्याच गाड्या बनवणाऱ्या कंपनीत मी बरीच वर्षं आहे, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या कंपनीने ठरवलंय की यापुढे गाडी डीलरने विकायची नाही, कंपनीनेच थेट गिऱ्हाइकाला विकायची. सगळीकडे एकच किंमत. ती फोनवर दिसते, तिथेच बुकिंग होतं, तिथेच पैसे भरले जातात. डीलरच्या हातात ना स्टॉक, ना भाव. त्याने गाडी दाखवायची, शेवटी चावी द्यायची आणि ठरलेलं कमिशन घ्यायचं. हे सुरूही झालंय. तेही सगळ्या डीलरना नाही, जिथे गरज वाटेल तिथेच शोरूम ठेवायचं आणि बाकीची बंद करायची. आपल्या भागातली कुठली ठेवायची, यावर मत देण्याचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे तुमचं शोरूम राहणार की जाणार हे बरंचसं माझ्या हातात होतं. 

माझं कॉलेज मीरा रोडला होतं, आठवतं? कॉलेज सुटलं की मी तुमच्याकडे यायचे, बरोबर घरी जायला. कोपऱ्यातल्या सोफ्यावर अकाउंटन्सीचं पुस्तक उघडायचे आणि त्यात बघायचेच नाही, तुमच्याकडे बघत बसायचे. घरी तुम्ही किती कमी बोलायचात! भाजी काय आणू म्हणून आईने विचारलं तर 'आण काहीतरी' एवढंच. आणि तिथे तुमच्या जिभेवर सरस्वती नाचायची. एक कुटुंब आत येतंय, सगळा गोतावळा घेऊन. पुढे चालणारा पुरुष ॲव्हरेज विचारतोय, इंजिन विचारतोय, शेजाऱ्याकडून ऐकलेलं सगळं ओकतोय. तुम्ही मान डोलावताय, पण हात मात्र मागचं दार उघडतोय, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसाठी. 'आजी, जरा बसून बघा. हां, आता उतरा.' उतरताना तिने गुडघा धरला की तुम्ही ती गाडी तिथल्या तिथे विसरायचात आणि दुसरीकडे वळायचात, मग ती स्वस्त का असेना. बाजूचे सेल्समन कपाळाला हात लावायचे. एक्स-शोरूम किंमत तुम्ही उभ्या उभ्या सांगायचात. टॅक्स, विमा, शोरूमचा हँडलिंग चार्ज, सगळं धरून होणारी ऑन-रोड किंमत सांगायचात ती चहा आल्यावर, बसून, आवाज खाली आणून. टेस्ट ड्राइव्ह कायम चेणे गावापर्यंत. जाताना तुम्ही गाडीबद्दल सांगत राहायचात आणि चेण्याहून परत फिरलात की एकदम गप्प. एकदा तुम्ही मलाही मागे बसवून नेलं होतंत, तेव्हा मी ते पाहिलं. तुम्ही गप्प झाल्यावर घरातली माणसं आपसात बोलायला लागली, कुठे जायचं, गावाला कधी निघायचं, देवीला आधी की मामाकडे आधी. गाडी त्यांनी मनातल्या मनात घेऊन टाकली होती. मी थक्क झाले होते आबा. आजही त्याचा विचार केला की थक्कच होते.

पण त्याच दिवसांत ते नवं मॉडेल आलं, ज्याच्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबायला तयार होते, आणि मी तुमचं दुसरं रूपही पाहिलं. छापील किमतीवर गपचूप घ्यायचे जास्तीचे पैसे, ज्यांना तुम्ही सगळे नुसतं 'ऑन' म्हणायचात, ते तेव्हा जोरात सुरू होते. तुमच्या टेबलावर एक बिल्डर आला. त्याला गाडी लगेच हवी होती. त्याच्याकडून तुम्ही घसघशीत ऑन घेतलात, तेही असं की जाताना तो तुमचेच आभार मानत गेला. मग रत्नागिरीकडचं एक मास्तर-मास्तरीण जोडपं आलं. त्यांना भाव करणं जमत नव्हतं, लाज वाटत होती. तुम्ही त्यांना बसवलंत, स्वतः शेटजींच्या केबिनमध्ये गेलात आणि त्यांच्या वतीने शेटजींशी भांडलात. काचेतून दिसत होतं. हँडलिंग काढून टाकलंत, विमा कमी करून आणलात. त्याच संध्याकाळी तुमच्या बाजूच्या टेबलावर एक बाई एकटीच बसली होती. इस्पितळात नोकरी करणारी असावी, तशा गप्पा ऐकू आल्या. बाजूच्या टेबलावरच्या काकांनी तिला तीच गाडी ऑन लावून, हँडलिंग लावून, नको असलेली सीट कव्हरं गळ्यात मारून विकली. तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही.

रविवारी स्वयंपाकघरात आई कोळंबीचे सोडे निवडत होती, तुम्ही पाटावर बसून वर्तमानपत्र वाचत होतात आणि मी विषय काढला. एकाच गाडीच्या इतक्या किमती कशा? हे बरोबर आहे का? मला वाटलं तुम्ही हसून सोडून द्याल. तुम्ही पेपर खाली ठेवलात. 'पुस्तकं वाचून शहाणपणा शिकवू नकोस. बिल्डरकडनं घेतले म्हणून मास्तरांना सोडता आले. एकच भाव लावला तर मास्तरांना कोण सोडणार, तू?' मी म्हटलं, 'आणि ती बाई?' तुम्ही पेपर परत उचलत म्हणालात, 'ती माझ्या टेबलावर नव्हती.' आई म्हणाली, 'पुरे आता, सोडे भाजायला घेऊ दे.' विषय तिथेच संपला. माझ्यापुरता तो कधी संपलाच नाही.

कारण तुमचं उत्तर खरं होतं. तुमच्या टेबलावर बसलेल्या माणसाचं नशीब उघडायचं आणि हातभर पलीकडच्या टेबलावर बसलेलं माणूस कापलं जायचं. तुम्ही चांगले होतात, पण तुमचा चांगुलपणा टेबलाएवढाच होता. मी नोकरीला लागले, पुढे गेले, आणि कंपनीत जेव्हा थेट विक्रीची चर्चा सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी हात वर करणाऱ्यांत मी होते. मीटिंगमध्ये लोक म्हणायचे, डीलर नसतील तर लांबच्या गावातला माणूस गाडी कुठे बघणार, बिघडली तर कुणाला धरणार, जुनी गाडी कुणाला देणार. काही म्हणायचे, घासाघीस हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, कंपनीच एकटी भाव ठरवायला लागली तर उद्या ती तो वाढवेल आणि समोर बोलायला कुणी उरणार नाही. यातलं काहीही खोटं नाही. मी फक्त त्या बाईबद्दल विचार करत होते, जी कुठल्या टेबलावर बसतेय हे बघून यायला शिकलेली नव्हती.

तर काल. शोरूममध्ये शिरले तर ओळखीचं एकच माणूस. बाजूच्या टेबलावरचे काका! केस पांढरे झालेत, रिटायर व्हायला आलेत. सगळ्यांसमोर मला 'या मॅडम' म्हणाले आणि कॉफी मशीनपाशी हळूच, 'बाळ, आबांसारखीच चालतेस गं.' मी विचारलं, 'काका, कसं वाटतंय हे नवीन?' ते म्हणाले, 'कसं वाटणार? भाव सांगायचा नाय, सोडायचा नाय. मी आता काय करतो माहितीये? लोकांना पाणी विचारतो.' मग मशीनखाली कप ठेवत म्हणाले, 'पण खरं सांगू का, डोक्याला ताप पण कमी झाला. कुणाला किती लावला ते लक्षात ठेवायला लागत नाय.'

तेवढ्यात एक तरुण मुलगी तिच्या आईला घेऊन आली. मीरा रोडला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने ड्युटीवरून घरी जाताना, शेअर रिक्षात बसल्या बसल्या गाडी बुक केली होती, कुणाचा नवरा, भाऊ, बाप बरोबर न घेता, आणि नागपुरातला माणूस देतो तीच किंमत दिली होती. कुणी तिला 'घरचं कोणी आलंय का' असं विचारलं नव्हतं. मला एकदम भरून आलं, आबा. इतकी वर्षं मीटिंगांत जे मी आकड्यांच्या भाषेत बोलत होते ते जीन्स घालून समोर उभं होतं.

पण तिची आई काही गाडीकडे बघेना. 'मी आधीच सांगितलेलं हिला, आज नको म्हणून. पितृपक्षात नवीन गाडी कोण नेतं घरी? हिचे बाबा गेले, त्यांचं पान वाढायचंय अजून.' मुलगी कानकोंडी झाली. 'आई, मी काय करू? मी फोन केलेला कंपनीच्या हेल्पलाइनला. ते बोलले, मॅडम, आज नहीं लिया तो आपका स्लॉट जाएगा, गाडी दुसरे कस्टमर को देंगे.' मी जमिनीत जाते की काय असं झालं. कारण गाडी यार्डात आल्यावर ठरावीक दिवसांत नेलीच पाहिजे, नाहीतर ती पुढच्या माणसाला द्यायची, हा नियम आमचा आणि त्या तारखांच्या कॅलेंडरवर सही माझी. आमच्या ऑफिसात निम्मे लोक मराठी. प्रत्येकाच्या घरी या पंधरवड्यात कुणाची ना कुणाची तिथी. माझ्याच घरी परवा तुमचं पान वाढायचंय, त्यासाठी मी रजा टाकलीय. आणि तरी महिनाअखेरची विक्री डोळ्यांपुढे ठेवून आम्ही सगळ्यांनी मिळून लोकांच्या दारात पितृपक्षात गाड्या पाठवायचं ठरवलं होतं. रजेचा अर्ज आणि ते कॅलेंडर मी एकाच आठवड्यात पुढे पाठवलं असेल.

काका पुढे आले. त्यांनी किंमत काढली नाही, नियमही काढला नाही. गाडीचं मागचं दार उघडलं. 'काकी, आज न्यायची नाय. आज नुसतं बसून बघा, पायाला त्रास होतो का ते.' त्या बसल्या, उतरल्या, परत बसल्या. काका म्हणाले, 'आज फक्त कागद होतील, हिची सही होईल. गाडी हितेच राहील, कव्हर घालून. घटस्थापनेला सकाळी या, हार-नारळ मी आणून ठेवतो.' काकींनी विचार केला. 'कागदाला चालतं?' 'कागदाला कुठे पितर असतात, काकी!' त्या फसकन हसल्या आणि मुलीला म्हणाल्या, 'कर गं सही.' गाडी दिली असं नोंदवून ती शोरूममध्येच ठेवायला आमच्या नियमात परवानगी नाही. हे काकांना माहीत होतं आणि मी तिथे कशासाठी उभी आहे हेही माहीत होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'लिवा मॅडम, काय लिवायचं ते. मागचं दार उघडायला तुमच्या आबांनी शिकवलं. बाकी मी पण काय धुतल्या तांदळासारखा नव्हतो.' एवढं बोलून ते कव्हर आणायला गेले.

मी तिथेच उभी राहिले. एका माणसाने इस्पितळातल्या त्या बाईला कापलं होतं आणि त्याच माणसाने कालच्या मुलीचा दिवस सांभाळला. त्याच्या हातातून आम्ही फक्त भाव काढून घेतला होता. भाव गेल्यावर त्याच्याकडे काय उरतं ते मला काल दिसलं. ते बहुतेक तुमचं होतं.

आज सकाळी मी मत पाठवलं. किंमत कंपनीचीच, एकच, इकडची तिकडे होणार नाही, शोरूमला त्यात बोट घालता येणार नाही. पण शोरूम ठेवायचं, माणसं ठेवायची, आणि गाडी घरी कधी न्यायची हे गिऱ्हाइकाने आणि त्यांनी मिळून ठरवायचं. दुपारी साहेबांचा फोन आला. 'इमोशनल तो नहीं हो रहे?' मी म्हटलं, 'सर, पितृपक्ष में आपने कभी गाड़ी ली है?' साहेब हसले. मग म्हणाले, 'ठीक है, रखते हैं.' मी काकांना कळवलं. ते नुसतं 'बरं बाळ' म्हणाले आणि फोन लगेच ठेवला.

तर तुमची जागा राहिली आबा, आणि जे तुम्हाला सगळ्यात सुंदर यायचं ते मीच कायमचं बंद केलं. मास्तर-मास्तरिणीसाठी आता कुणी केबिनमध्ये जाऊन भांडणार नाही, तशी गरजही पडणार नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुम्ही समोर असतात तर पेपर खाली ठेवून वाद घातला असतात आणि मीही मागे हटले नसते. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच सगळं इतक्या धीटपणे लिहिलंय.

फक्त एक आहे. उद्या तुम्ही त्या टेबलामागे बसलेले दिसलात ना, तर मी एकच भाव वगैरे सगळं दाराबाहेर ठेवून आत येईन. तुम्ही सांगाल त्या किमतीला गाडी घेईन. आणि तरीही घासाघीस करीन, खूप वेळ करीन, तुम्ही बोलत राहावं म्हणून.