तिसरी बिजागरी

व्हिलाविसेन्सिओ,
मंगळवार

प्रिय येसिद,

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले आणि मी आज उत्तर लिहायला बसलोय. रागावू नकोस. कागद रोज काढत होतो, वर तुझं नाव लिहीत होतो, आणि पुढं हात चालायचा नाही. दोमितिला आत्या म्हणते, "घरात बारा 'प्रिय येसिद' पडलेत, त्यातला एक तरी पाकिटात घाल की!" माझी शाळा तिसरीपर्यंतची, पण उशिराचं कारण ते नाही. मी भ्यालो होतो, अजूनही भ्यालेलाच आहे. तू सान होसेहून रोज आपलं ते जुनं डीसी-थ्री विमान, ती बगळी, माल भरून जंगलातल्या धावपट्ट्यांवर नेतोस, आणि तू वर असशील त्या वेळेला इथं मी जेवायला बसत नाही. बेचाळीस वर्षं मी विमानं दुरुस्त केली, पण विमानाची भीती अशी कधी वाटली नव्हती.

घरचं ठीक आहे. आत्याचे गुडघे धरलेत, तरी रोज चर्चला जाते आणि येताना सगळ्या गल्लीच्या बातम्या आणते. माझं तेच चाललंय, मागच्या अंगणातल्या टेबलावर सकाळभर प्लास्टिकची विमानं जोडायची. आता एकोणीस झाली. तीन शेपट्यांचं कॉन्स्टेलेशन झालं, मागं दोन इंजिनं असलेलं ते फ्रेंच विमानही झालं. बोईंगच्या नाकात शिशाचा तुकडा घालायला विसरलो, त्यामुळं ते मागं शेपटीवर बसतं. आत्या म्हणते, "तुझ्यासारखंच आहे, दमलं की बूड टेकतं." तिची नेलपॉलिशची बाटली मी पंखांच्या कडांना वापरून संपवली, म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. हे वाचून तू हसशील. हस. पुढं हसण्यासारखं काही नाही.

डिसेंबरात मी निवृत्त झालो तेव्हा वर्कशॉपच्या मंडळींनी मला डीसी-थ्रीचा मोठा संच भेट दिला, हे तुला कळवलं होतं. कॅप्टन बुस्तोसनं तो मायामीहून आणला होता. खोकं गिटारीएवढं. मी ठरवलं की हे विमान म्हणजे आपली बगळीच करायची, पांढरं अंग, हिरवा पट्टा, दारापाशी वाटीएवढा पोचा, सगळं तसंच. फेब्रुवारीत अंग झालं, पंख झाले. मार्चच्या सुरुवातीला शेपटीला हात घातला. या संचात शेपटीच्या आडव्या पंखाचा मागचा हलता पाट, ज्यानं विमानाचं नाक वरखाली होतं तो, वेगळा दिलाय, आणि खऱ्यासारख्याच त्याला एकेका बाजूला तीन-तीन बारीक बिजागऱ्या आहेत.

उजवी बाजू बसवली. मग डावी. चिमट्यानं पहिली बिजागरी खाचेत घातली, आणि माझ्या बोटांनी आपोआप हवेत चिमूट धरून पिळा दिला. तुला माहीत आहे तो पिळा. नटाच्या खाचेतून स्प्लिट पिन घालायची, तिचे दोन पाय फाकवायचे, पक्कडीनं मागं वळवायचे, म्हणजे नट जागचा हलत नाही. प्लास्टिकला कसली आलीय पिन, पण बेचाळीस वर्षांची सवय. दुसरी बिजागरी बसवली, पुन्हा पिळा. तिसरी बसवली, आणि माझा हात सरळ कमरेच्या फडक्याकडं गेला. पुसायला.

मी तिथंच थांबलो. तोडून पुन्हा जोडलं. पहिलीला पिळा, दुसरीला पिळा, तिसरीला फडकं. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी केलं, जेवणानंतर केलं. मनात काही न आणता करून पाहिलं, आत्याला समोर बसवून शेंगा सोलता सोलता गप्पा मारत करून पाहिलं. ती म्हणाली, "एलिएसेर, त्या शेपटीचा भुगा होईल आता." खरंच झाला. मग मी बोगोताहून तसाच दुसरा संच मागवला, नुसती शेपटी काढली आणि बसवून पाहिली. तिथंही तेच. डोकं विसरतं रे, हात विसरत नाहीत. आणि माझ्या हातांना बगळीच्या डाव्या बाजूची तिसरी पिन घातलेली आठवत नाही.

कारण खऱ्या बगळीच्या शेपटीचं ते काम माझं शेवटचं काम होतं. दहा डिसेंबर, विमानवाल्यांना सांभाळणाऱ्या लोरेतोच्या मातेचा दिवस. आपल्या वर्कशॉपची रीत तू पाहिली आहेस. निवृत्त होणाऱ्यानं शेवटचं काम पुरं करायचं नाही. मंडळी येतात, त्याच्या हातातलं हत्यार काढून घेतात, आणि उरलेलं काम दुसरा करतो. म्हणतात, काम अर्धं राहिलं की माणूस पुरता जात नाही. मी स्वतः किती जणांच्या हातून पाने काढून घेतले असतील! त्या दिवशी मी बगळीच्या शेपटीपाशी शिडीवर होतो. हँगरमागं मांस भाजत होतं, त्याचा धूर आत येत होता. खाली सगळे टाळ्या वाजवत जमले. तुझा धर्मबाप ओतोनिएल शिडीखाली उभा राहून हात वर करून म्हणाला, "उतर म्हाताऱ्या, पक्कड इकडं दे! बाकीचं मी बघतो, नाहीतर तू मेल्यावरसुद्धा येऊन नट आवळशील." सगळे हसले. मी पक्कड दिली, हात पुसले, उतरलो. ओतोनिएल वर चढला, बिजागऱ्यांवरचं झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, आणि खाली येऊन विमानाच्या वहीत सही केली. मग भाजलेल्या वासराची ममोना खाल्ली, बिअर प्यायलो, मी रडलोसुद्धा. त्या झाकणाचा विचारही मनात आला नाही.

ते झाकण रोज कुणी उघडत नाही. सकाळी तू बगळीभोवती फिरून पाट वरखाली हलवून बघत असशील, आणि तो हलतच असेल, कारण नट एका दिवसात निघत नाही. पिन नसली की रोजच्या थरथरीनं केसभर फिरतो. असे चार महिने झाले, येसिद. तुझ्या पत्रात तू लिहिलंस की बगळी हल्ली उतरताना शेपटीत जरा खडखडते, पण वय झालंय तिचं, चालायचंच. तू ते हसण्यावारी नेलंस. मी ते वाक्य किती वेळा वाचलं ते तुला सांगत नाही.

मी गप्प बसलो नाही, हे मात्र ऐक. ओतोनिएलकडं गेलो. त्याला म्हटलं, "तिसरी पिन तू बघितली होतीस ना रे?" त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "एलिएसेर, तू घरात बसून प्लास्टिकचा गोंद हुंगतोस, तो चढलाय तुला. सही माझी आहे. मी आंधळा आहे का?" मी म्हटलं, "पण तू बघितलीस का?" तर म्हणाला, "कोंपाद्रे, तुझ्या पोराचा धर्मबाप म्हणून सांगतो, मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. हे पुन्हा कुठं बोलू नकोस." तेवढ्यात त्याची बायको कॉफी घेऊन आली आणि आम्ही पावसापाण्याचं बोलत बसलो. जाताना त्यानं माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. तेव्हापासून मला तो रस्त्यात दिसला की वाटतं, यालाही झोप लागत नसावी.

तुला फोनही केला होता, आठवत असेल. टेलिफोनच्या कचेरीत तुझा आवाज आला, आणि मागं वळून बघतो तर रांगेत वर्कशॉपचा कारकून उभा. मी विचारलं, जेवलास का? तू म्हणालास, "बाबा, एवढंच विचारायला गावभर चालत आलात?" मी म्हटलं, हो. आणि ठेवून दिला. अंगणात येऊन स्वतःला खूप शिव्या घातल्या.

पण कारकुनाचं निमित्त होतं. रिकाम्या खोलीतही मला ते सांगता आलं नसतं. आता लिहितो, कारण याच्यापुढं न सांगणं म्हणजे पाप. ओतोनिएलनं शिडीखालून नुसता हात वर केला नव्हता. त्यानं विचारलं होतं, "काय राहिलंय रे?" रीतीप्रमाणं मी सांगायला हवं होतं की शेवटची पिन घातली की नाही ते नक्की आठवत नाही, बघून घे. ते सांगण्यासाठीच तर रीत आहे. पण बेचाळीस वर्षं माझं काम कधी अर्धं राहिलं नव्हतं, आणि सगळ्यांसमोर, शेवटच्या दिवशी, मला लाज वाटली. मी म्हणालो, "काही नाही, झालंय सगळं. नुसतं झाकण लाव." त्यानं माझ्या शब्दावर झाकण लावलं. त्याची चूक एवढीच की त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. पिन मी घातली असेलही, देव करो आणि घातलेली असो, पण खात्री नसताना मी झालंय म्हणालो, आणि त्या शब्दावर माझा मुलगा रोज आभाळात जातो. हे पत्र कॅप्टन बुस्तोस गुरुवारी आपल्या विमानातून सान होसेला आणून स्वतः तुझ्या हातात देईल. ते वाचल्यावर बगळी जमिनीवरून हलवू नकोस, विमानात भरलेला तांदूळ सडला तरी सडू दे. डाव्या बाजूचं झाकण काढ आणि बघ. पिन नसेल तर वहीत माझं नाव लिही, ओतोनिएलचं नको. मी येऊन सही करीन. असेल तर मला वेडा म्हातारा म्हण, पण कळव. पत्राची वाट पाहवणार नाही रे, बुस्तोसच्या विमानाच्या रेडिओवरून इथल्या विमानतळाच्या मनोऱ्याला दोन शब्द सांग. मी गुरुवारी दुपारपासून मनोऱ्याखाली येऊन उभा राहतो.

तुझाच,
बाबा